औद्योगिक वसाहतींच्या शेजारचा आवाज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरी, चाकण, अंबड, डोंबिवली, इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी अशा ठिकाणी कारखान्याच्या कुंपणापलीकडे किंवा मागाच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या लोकांना आवाजाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पडतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. त्यांत डेसिबलचे आकडे आहेत आणि कायद्याच्या मर्यादाही आहेत. भर मात्र ऐकणाऱ्या माणसावर आहे, कारण त्याला काय ऐकू येते आणि ते त्याला कसे वाटते हे विचारल्याशिवाय कोणत्याही वसाहतीच्या आवाजाचा निवाडा पुरा होत नाही, असे आमचे ठाम मत आहे.

ध्वनिपरिसर म्हणजे काय? ध्वनिप्रदूषण आणि ध्वनिपरिसर यांत फरक कोणता?

एखाद्या जागी जे जे ऐकू येते ते सर्व, आणि ते तेथील माणसाला जसे जाणवते तसे, म्हणजे त्या जागेचा ध्वनिपरिसर. कॅनडातील संगीतकार आर. मरे शेफर (१९३३–२०२१) यांनी सायमन फ्रेझर विद्यापीठातील सहकाऱ्यांसह ही कल्पना रुजवली. पुढे २०१४ साली आयएसओ १२९१३ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पहिल्या भागात तिची व्याख्या करण्यात आली आणि त्या व्याख्येत माणसाची जाणीव, त्याची समज व भोवतालचा संदर्भ यांना मध्यवर्ती स्थान मिळाले. ध्वनिप्रदूषणाच्या चर्चेत आवाज किती निघाला आणि किती पसरला एवढेच प्रामुख्याने पाहिले जाते. ध्वनिपरिसराचा अभ्यास करणारा मात्र आधी विचारतो की येथे कोणकोणते आवाज ऐकू येतात, त्यांतला कोणता वरचढ ठरतो, ते या जागेला आणि या वेळेला साजेसे आहेत का.

शेफर यांनी केलेले आवाजांचे तीन भेद औद्योगिक भागाला चांगले लागू पडतात. पहिला, सतत चालू असणारा आणि म्हणूनच लक्षात न येणारा आधारस्वर. दुसरा, मुद्दाम लक्ष वेधणारा इशारा. आणि तिसरा, त्या गावाची ओळख बनलेला आवाज. ट्रान्सफॉर्मरची घरघर पहिल्या प्रकारात मोडते, पाळीचा भोंगा दुसऱ्या प्रकारात, आणि इचलकरंजीच्या गल्लीतील मागांचा खडखडाट तिसऱ्या प्रकारात. तोच खडखडाट तेथे जन्मलेल्या माणसासाठी पहिल्या प्रकारात जाऊन बसतो, हे या विषयातील खरे कुतूहल आहे.

औद्योगिक भागाजवळ नेमके कोणते आवाज असतात?

‘कारखान्याचा आवाज’ असे एकवचनात म्हणण्याची आपल्याला सवय आहे, पण कान थोडा वेळ उघडा ठेवला की त्यात अनेक आवाज वेगळे काढता येतात. पंखे, ब्लोअर, कूलिंग टॉवर आणि कॉम्प्रेसर यांचा एकसारखा चालणारा आवाज असतो. विजेच्या ट्रान्सफॉर्मरचा गुणगुणाट असतो. आपल्याकडे विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ असल्याने त्याचा मूळ स्वर तिच्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झचा असतो आणि तंबोऱ्याच्या षड्जासारखा तो बाकीच्या सर्व आवाजांखाली धरलेला राहतो. प्रेस शॉपमधील ठोके, फोर्जिंगचा घण, फॅब्रिकेशनच्या शेडमधील ग्राइंडरची किंकाळी आणि लोखंडी पत्रे ट्रकमध्ये टाकतानाचा दणका हे आघाती आवाज असतात, त्यांचा दर वेळी नव्याने दचका बसतो. बॉयलरची वाफ सोडली जाते तेव्हा काही सेकंद ते काही मिनिटे बोलणे थांबवावे लागते. वीज गेली की डिझेल जनित्रे सुरू होतात.

याशिवाय कारखान्याच्या आत न होणारा, पण कारखान्यामुळेच होणारा आवाज असतो. फाटकाबाहेर रांगेत उभ्या असलेल्या ट्रकांची चालू इंजिने, मागे येताना वाजणारा बीप, पहाटे पाळी बदलताना कामगारांच्या बस आणि दुचाकी हे सारे त्यात येते. माप घेताना हा भाग ‘वाहतूक’ म्हणून बाजूला काढला जातो. राहणाऱ्याच्या दृष्टीने ही विभागणी कृत्रिम आहे, कारण कारखाना नसता तर ते ट्रकही नसते.

यंत्रमागाच्या गावांत लोक दिवसरात्र मागांच्या आवाजात कसे राहतात?

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढच्या काळात गाव आणि माग एकमेकांत मिसळूनच वाढले. तळमजल्यावर माग आणि वर बिऱ्हाड, किंवा एका भिंतीअलीकडे स्वयंपाकघर आणि पलीकडे कारखाना, अशी रचना इचलकरंजी, मालेगाव आणि भिवंडी या तिन्ही ठिकाणी दिसते. धोट्याच्या साध्या मागात आडवे सूत वाहून नेणारा धोटा एका बाजूने दुसऱ्या बाजूला मिनिटाला शंभराहून अधिक वेळा ठोकरला जातो. अशा मागांच्या शेडमध्ये आवाजाची पातळी साधारण ९५ ते १०५ डेसिबलपर्यंत पोचते, आणि तेथे शेजारच्या माणसाशी बोलायचे तर कानाशी तोंड न्यावे लागते किंवा हातवाऱ्यांनी सांगावे लागते. इंग्लंडमधील लँकेशायरच्या मागशाळांत ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखण्याची स्वतंत्र रीतच तयार झाली होती. परिस्थिती सारखी असली की माणसे तोडगेही सारखेच काढतात.

शेडबाहेर, गल्लीत आणि घरात, आवाज बराच कमी होतो, पण थांबत नाही. येथे एक गोष्ट बाहेरच्या निरीक्षकाला सहसा समजत नाही. यंत्रमागाच्या गावात शांतता ही चांगली बातमी नसते. माग थांबले म्हणजे वीज गेली, सूत महागले, कापडाला उठाव नाही किंवा संप आहे. आवाज चालू असणे म्हणजे आठवड्याचा पगार चालू असणे. म्हणून तेथील अनेक जण ‘आवाजाचा त्रास होतो का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देतात आणि ते उत्तर प्रामाणिक असते. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. त्या दिवशीची शांतता मात्र हक्काच्या सुट्टीची असते आणि तिचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. दोन्ही वेळी मीटर कदाचित एकच आकडा दाखवील, पण ऐकणाऱ्याच्या मनातली स्थिती पूर्णपणे वेगळी असते.

याचा अर्थ त्या आवाजाने नुकसान होत नाही असा काढू नये. मागावर वर्षानुवर्षे काम केलेल्यांचे कान जातात, आणि ‘मोठ्याने बोला’ असे घरच्यांना सांगावे लागणे हे त्या घरांत वार्धक्याच्या आधीच सुरू होते. तक्रार नसणे हा अपाय नसल्याचा पुरावा नव्हे, हे आम्हाला आग्रहाने सांगावेसे वाटते.

आवाजाची सवय होते असे सगळेच म्हणतात. ते खरे आहे का?

अर्धे खरे आहे. एकसारख्या, अपेक्षित आवाजाकडे मन हळूहळू दुर्लक्ष करायला शिकते आणि जागेपणी त्याचा उपद्रव कमी वाटू लागतो. झोपेत मात्र शरीर ऐकतच राहते. जाग न येताही आवाजासरशी हृदयाचे ठोके वाढणे, झोप खोल अवस्थेतून उथळ अवस्थेत येणे या प्रतिक्रिया वर्षानुवर्षे राहिलेल्यांतही आढळतात. सकाळी माणूस ‘मला काही ऐकू आले नाही’ असे म्हणतो, आणि तरीही त्याची झोप पुरी झालेली नसते. आघाती आणि अनियमित आवाजांची सवय तर जवळजवळ होतच नाही.

एकाच गल्लीत एकाला त्रास होतो आणि शेजाऱ्याला होत नाही, हे कसे?

आवाजाच्या पातळीवरून त्रासाचा अंदाज काही प्रमाणातच बांधता येतो; उरलेला भाग माणसाच्या परिस्थितीवर अवलंबून असतो. ज्याचे घर त्या कारखान्यावर चालते त्याला तोच आवाज कमी बोचतो, हे जगभरच्या पाहण्यांत दिसून आले आहे. आवाज केव्हा थांबणार हे माहीत असणे, तो थांबवायला कोणाला सांगता येईल हे माहीत असणे, आणि सांगितल्यावर कोणीतरी ऐकून घेईल असा विश्वास असणे, यांनीही त्रास कमी होतो. उलट आपल्याला गृहीत धरले जात आहे असे वाटू लागले की तोच आवाज असह्य होतो.

घराघरांतील माणसांचे वेळापत्रकही वेगळे असते. रात्रपाळी करून आलेला कामगार सकाळी आठ ते दुपारी तीन या वेळेत झोपायचा प्रयत्न करतो, आणि कायद्याच्या दृष्टीने तो दिवस असतो. दिवसभर घरी असणाऱ्या स्त्रिया, अंथरुणाला खिळलेली वृद्ध माणसे आणि लहान मुले त्या परिसरात सर्वाधिक तास काढतात. पाहणी करणारे मात्र बहुधा संध्याकाळी येतात आणि कुटुंबप्रमुखाला विचारून जातात. एखाद्या वस्तीचा ध्वनिपरिसर समजून घ्यायचा असेल तर पहिला प्रश्न दुपारी घरात असणाऱ्या बाईंना विचारला पाहिजे.

भूतकाळही ऐकण्यात मिसळतो. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले, माणसे दगावली आणि दूरपर्यंतच्या इमारतींच्या काचा फुटल्या. असा अनुभव घेतलेल्या वस्तीत वाफ सोडल्याचा मोठा आवाज हा नुसता मोठा आवाज राहत नाही. लोक गॅलरीत येऊन धूर दिसतो का ते पाहतात. या भीतीचे मोजमाप डेसिबलमध्ये होणार नाही.

कायद्याने किती आवाजाला परवानगी आहे?

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार औद्योगिक क्षेत्रात दिवसा ७५ आणि रात्री ७०, वाणिज्य क्षेत्रात ६५ आणि ५५, निवासी क्षेत्रात ५५ आणि ४५, तर शांतता क्षेत्रात ५० आणि ४० डेसिबल अशा मर्यादा आहेत. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०, आणि रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्या भोवतालचा १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. डिझेल जनित्रांसाठी वेगळा नियम आहे: १ जानेवारी २००५ पासून तयार झालेल्या, १००० केव्हीएपर्यंतच्या जनित्राचा आवाज त्याच्या पेटीपासून एक मीटरवर ७५ डेसिबलपेक्षा जास्त असता कामा नये.

अडचण सीमारेषेवर येते. रस्त्याच्या एका बाजूला रात्री ७० चालतात आणि दुसऱ्या बाजूला ४५ च्या वर जाऊ नये, अशी अपेक्षा नकाशावर शक्य असली तरी हवेत शक्य नसते, कारण आवाज आठ-दहा मीटरच्या रस्त्यात २५ डेसिबलने उतरत नाही. संमिश्र वस्ती असेल तर तिला चारांपैकी कोणत्या वर्गात धरायचे हे सक्षम प्राधिकाऱ्याने ठरवायचे असते. यंत्रमागांच्या गल्ल्यांसारख्या ठिकाणी या एका निर्णयावर रहिवाशांच्या रात्रीच्या झोपेचा कायदेशीर दर्जा ठरतो. म्हणून आपला भाग कोणत्या वर्गात आहे, याची चौकशी प्रत्येक रहिवाशाने लेखी करावी.

मोजणी केली तेव्हा आवाज मर्यादेत आला. तरीही झोप लागत नाही. आमचे काही चुकते आहे का?

नाही. याची निदान तीन तांत्रिक कारणे असू शकतात आणि ती रहिवाशांना समजली पाहिजेत, कारण ‘रीडिंग मर्यादेत आहे’ या एका वाक्यावर पुष्कळ तक्रारी बंद होतात.

पहिले कारण सरासरीचे. नियमातील मर्यादा ही पूर्ण कालावधीच्या समतुल्य पातळीची असते. समजा, रात्रीच्या आठ तासांत परिसराची सर्वसाधारण पातळी ४२ डेसिबल आहे आणि तेवढ्या वेळात लोखंडी पत्रा टाकल्याचे दहा दणके झाले, प्रत्येक एक सेकंदाचा आणि ७० डेसिबलचा. गणित केले तर रात्रीची समतुल्य पातळी ४३ च्या आतच राहते, म्हणजे निवासी मर्यादेच्याही खाली. माणूस मात्र दहा वेळा जागा झालेला असतो.

दुसरे कारण मीटरच्या भारांकनाचे. डेसिबलचे हे आकडे ‘ए’ भारांकनाचे असतात, ज्यात खालच्या वारंवारितांचे वजन मुद्दाम कमी धरले जाते: १२५ हर्ट्झला सुमारे १६ डेसिबलने आणि ६३ हर्ट्झला सुमारे २६ डेसिबलने. मोठे पंखे, कॉम्प्रेसर, जनित्रे यांचा दम नेमका याच खालच्या पट्ट्यात असतो. हा आवाज भिंतीतून आणि बंद खिडकीतूनही सहज आत येतो, खोलीत एखाद्या कोपऱ्यात साचल्यासारखा वाटतो, आणि कधी कानापेक्षा छातीला किंवा उशीला आधी जाणवतो. बाहेर मोजणारा अधिकारी आणि आत झोपणारा रहिवासी हे दोघेही खरे बोलत असतात.

तिसरे कारण आवाजाच्या घडणीचे. एकच सूर धरून बसलेला किंवा ठोक्याठोक्याने येणारा आवाज सारख्याच पातळीच्या सपाट आवाजापेक्षा जास्त त्रास देतो. ब्रिटनमधील बीएस ४१४२ या मानकात म्हणूनच एकसुरी घटकासाठी ६ डेसिबलपर्यंत आणि आघाती घटकासाठी ९ डेसिबलपर्यंत अधिभार मोजलेल्या पातळीत मिळवला जातो. आपल्या २००० च्या नियमांतील मर्यादांच्या तक्त्यात असा अधिभार नाही. तो असायला हवा, असे आम्हाला वाटते. तोपर्यंत तक्रारीत ‘आवाज मोठा आहे’ असे मोघम न लिहिता ‘एकसुरी घूं असा’, ‘दर काही सेकंदांनी ठोका पडतो’ असे वर्णन जरूर करावे, आणि जमेल तर वारंवारितानिहाय मोजणीची मागणी करावी.

रात्री, विशेषतः थंडीत, लांबचा कारखाना जवळ आल्यासारखा का वाटतो?

दिवसा जमिनीलगतची हवा तापलेली आणि वरची थंड असते, त्यामुळे आवाज वर वळतो. निरभ्र, वारा पडलेल्या हिवाळी रात्री हे उलटते: जमिनीलगत थंड थर बसतो, वर उबदार हवा असते आणि वर गेलेला आवाज पुन्हा खाली वाकतो. त्यात रस्त्यांची वर्दळ थांबलेली असते, म्हणून एरवी झाकला जाणारा आवाज उघडा पडतो. वाऱ्याची दिशा कारखान्याकडून घराकडे असेल तर आणखी भर पडते. मोजणीसाठी पथक दुपारी आले तर ही स्थिती त्याला आढळणारच नाही, हे आधी लेखी कळवावे.

साखर कारखान्यासारख्या हंगामी उद्योगाजवळचा अनुभव वेगळा असतो का?

असतो, आणि त्याला अभ्यासाचाही आधार आहे. नेदरलँड्समध्ये उद्योगांच्या आणि रेल्वेच्या शंटिंग यार्डांच्या (डबे जोडण्या-तोडण्याच्या जागांच्या) शेजारी राहणाऱ्यांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तीत आवाजाची पातळी सारखी असताना सर्वाधिक त्रास शंटिंग यार्डांचा आणि सर्वांत कमी हंगामी उद्योगाचा नोंदला गेला. केव्हा सुरू होणार आणि केव्हा संपणार हे ठाऊक असलेला आवाज माणूस अधिक सोसतो, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो.

पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात बॉयलरचे अग्निप्रदीपन होऊन गव्हाणीत मोळी पडली की गावाचा आवाजच बदलतो. कारखान्याची घरघर आणि भोंगा, ऊसतोड टोळ्यांच्या बैलगाड्यांची घुंगरे, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि त्यांवर मोठ्याने लावलेली गाणी, हे सारे गळीत हंगामाबरोबर येते आणि त्याच्याबरोबर जाते. कारखान्याच्या आवाजाविषयी कुरकुर न करणारे लोकही रात्री दोन वाजता गावातून जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या गाण्यांविषयी मात्र संतापाने बोलतात, आणि ते रास्त आहे: पहिल्या आवाजाशिवाय साखर होणार नाही, दुसऱ्याशिवाय सहज होईल.

अशा आवाजाचा आरोग्यावर काय परिणाम होतो?

कारखान्याच्या आत आणि बाहेर, हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. आत काम करणाऱ्यांसाठी आठ तासांना ९० डेसिबल ही कारखाना नियमांतील मर्यादा आहे, आणि आवाजामुळे येणारे बहिरेपण कायद्याने अधिसूचित व्याधी म्हणून नोंदलेले आहे. बाहेर राहणाऱ्यांपर्यंत जी पातळी पोचते तिने त्यांचे कान सहसा जात नाहीत. त्यांच्या वाट्याला येते ती मोडलेली झोप, चिडचिड, लक्ष न लागणे, आणि दीर्घ काळात रक्तदाब व हृदयविकाराचा वाढलेला धोका; यांपैकी हृदयाविषयीचा सर्वांत भक्कम पुरावा रस्त्यावरील वाहतुकीच्या आवाजाबाबतचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली युरोपसाठी रात्री घराबाहेर ४० डेसिबलची शिफारस केली. त्याच संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत रस्ते, रेल्वे, विमाने, पवनचक्क्या आणि करमणुकीचे आवाज आहेत. उद्योगांच्या आवाजासाठी वेगळी शिफारस नाही.

भोंग्याचे काय? तो त्रास मानावा की आठवण?

गिरणगावाच्या बाबतीत याचे उत्तर बहुतेक मुंबईकरांनी आधीच दिलेले आहे. लालबाग, परळ, वरळी, शिवडी या भागांत गिरण्यांचे भोंगे घड्याळाचे काम करत. चूल पेटवणे, डबा भरणे, मुलांना उठवणे त्यांवर चाले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर एकेक करून गिरण्या बंद पडत गेल्या, भोंगेही गेले. जुन्या चाळींतील माणसे आज भोंग्याविषयी आपुलकीने बोलतात. भोंगा कर्कश होताच. पण तो सर्वांसाठी एकाच वेळी वाजे, ठरल्या वेळी वाजे आणि त्याचा अर्थ लहान मुलालाही कळे. नव्या औद्योगिक वसाहतींच्या आवाजात नेमके हेच तीन गुण नसतात.

रासायनिक कारखान्यांजवळ राहणाऱ्यांसाठी भोंग्याचा दुसरा, अधिक गंभीर उपयोग आहे. घातक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांनुसार मोठ्या जोखमीच्या कारखान्यांनी अंतर्गत आपत्कालीन योजनेची रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी घ्यायची असते आणि आसपासच्या लोकांना धोक्याची व खबरदारीची माहिती द्यायची असते. पाळीचा भोंगा कोणता, तालमीचा कोणता, वायुगळतीचा कोणता आणि ‘धोका टळला’ हे सांगणारा कोणता, हे आपल्या वसाहतीत विचारून घ्या आणि घरातील प्रत्येकाला सांगून ठेवा.

मोबाइलवरील अ‍ॅपने आवाज मोजला तर चालेल का?

स्वतःच्या नोंदीसाठी चालेल, पुरावा म्हणून एकटा पुरणार नाही. फोनाफोनांच्या मायक्रोफोनमध्ये फरक असतो, त्यांचे अंशांकन (कॅलिब्रेशन) झालेले नसते आणि खालच्या वारंवारिता ते नीट पकडत नाहीत. एकाच फोनवर, एकाच जागी, वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या नोंदींतील चढउतार मात्र उपयोगी असतो.

मग रहिवाशांनी स्वतः नोंद कशी ठेवावी?

साध्या वहीत ठेवावी. तारीख, वेळ, आवाज कसा होता आणि बहुधा कोठून आला, किती वेळ चालला, खिडकी उघडी होती की बंद, वारा कोणत्या बाजूचा होता, आणि त्या वेळी आपण काय करत होतो, हे लिहावे. शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची आहे. ‘रात्री २.१०, पत्रे टाकल्याचा आवाज, लहान मुलगी रडत उठली, पुन्हा झोपायला तीन वाजले’ अशी नोंद कोणत्याही आकड्यापेक्षा अधिक सांगते. सुट्टीच्या दिवसाची नोंद न चुकता करावी. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीत उद्योगांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. गुरुवार आणि शुक्रवार यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की कारखान्याचा वाटा किती आणि रस्त्याचा किती, हे आपोआप वेगळे होते.

दुसरा उपाय ध्वनिफेरीचा. आठ-दहा जणांनी ठरलेल्या वाटेने न बोलता चालायचे, ठरलेल्या जागी दोन-तीन मिनिटे थांबून ऐकायचे आणि प्रत्येकाने स्वतंत्रपणे लिहायचे. आयएसओ १२९१३ च्या पुढच्या भागांत यासाठीची पद्धत दिलेली आहे. कोणते आवाज किती ठळक होते, परिसर सुखद, त्रासदायक, शांत, गोंधळाचा, चैतन्याचा की एकसुरी वाटला, आणि हे सर्व या जागेला साजेसे आहे का, असे प्रश्न त्यात असतात. फेरीत कारखान्यातील एक-दोन कामगार आणि व्यवस्थापनातील कोणी आले तर फारच उत्तम. ज्यांनी आपला कारखाना कुंपणाबाहेरून रात्री कधी ऐकलेलाच नाही, त्यांच्याशी बोलणे फेरीनंतर सोपे जाते.

झाडे लावल्याने किंवा भिंत बांधल्याने आवाज कमी होतो का?

भिंत उंच, सलग आणि भोके नसलेली असेल, आणि तिच्यामुळे आवाजाचा उगम दिसेनासा होत असेल, तर साधारण ५ डेसिबल किंवा त्याहून अधिक फरक पडतो. भिंतीवरून पाहता येणाऱ्या वरच्या मजल्यांना तिचा उपयोग होत नाही. झाडांची एखादी रांग प्रत्यक्षात फारसा आवाज अडवत नाही; त्यासाठी दाट आणि कित्येक मीटर रुंद पट्टा लागतो. तरीही झाडे लावावीत, कारण पानांची सळसळ आणि पक्षी हे ऐकावेसे वाटणारे आवाज त्यांच्याबरोबर येतात आणि परिसर सुसह्य वाटतो. फक्त चार झाडे लावून ध्वनिनियंत्रण झाले, असा दावा कोणी करू नये. खिडकी नीट बंद होणारी असेल तर बराच फरक पडतो, पण आपल्या हवेत वर्षातील आठ महिने खिडकी बंद ठेवून झोपा असे सांगणे हा तोडगा नव्हे.

कारखान्याने काय केले तर खरोखर फरक पडतो?

जे आवाजाच्या उगमाशी केले जाते ते. पंख्यांना आणि वाफेच्या निकासाला सायलेन्सर, कॉम्प्रेसर व जनित्राला ध्वनिरोधक पेटी, यंत्राखाली कंपनशोषक पाये, जुन्या पंख्यांची पाती आणि बेअरिंग वेळेवर बदलणे, रात्री मोटरांचा वेग उतरवणे यांनी मोठा फरक पडतो. धोट्याचे माग जाऊन रॅपियरसारखे बिनधोट्याचे माग आले की ठोक्यांचा स्वभाव बदलतो, पण त्यासाठी लागणारे भांडवल लहान मागधारकाकडे नसते, हे ध्यानात ठेवूनच सरकारी योजनांनी त्याचा विचार करावा. काही उपाय तर फुकट आहेत: माल चढवणे-उतरवणे रात्री दहानंतर बंद ठेवणे, ट्रकची इंजिने बंद करायला लावणे, वस्तीकडील बाजूचे शटर रात्री खाली ओढणे. वाफ सोडायची असेल तर तासभर आधी वसाहतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कळवणे एवढ्यानेही दचका निम्मा होतो.

तक्रार कोठे करावी?

आधी कारखान्याकडे लेखी, मग महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्याकडे. मंडळाने कारखान्याला दिलेल्या संमतीपत्रात आवाजाविषयीच्या अटी असतात आणि ही संमतीपत्रे मंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येतात, त्यामुळे तक्रारीत त्या अटीचाच उल्लेख करावा. रात्री तातडीचा प्रसंग असेल तर पोलिसांना ११२ वर कळवावे. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक आवाज असल्यास, किंवा रात्रीच्या निर्बंधांचा भंग झाल्यास, २००० च्या नियमांतील नियम ७ नुसार प्राधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. सार्वजनिक उपद्रवासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते, आणि पुण्यात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय खंडपीठ आहे. एकट्याच्या तक्रारीपेक्षा दहा घरांच्या वह्या जोडलेली तक्रार अधिक गांभीर्याने घेतली जाते.

‘कारखाना आधी होता, तुम्ही नंतर राहायला आलात’ असे आम्हाला ऐकवले जाते. यावर काय म्हणावे?

तक्रार करण्याचा अधिकार एवढ्याने जात नाही. लंडनमध्ये १८७९ साली निकाली निघालेल्या एका प्रसिद्ध खटल्यात एक मिठाईवाला वीस वर्षांहून अधिक काळ खलबत्ते वापरत होता, आणि शेजारच्या डॉक्टरने नंतर मिठाईवाल्याच्या भिंतीला लागून तपासणीची खोली बांधली. तरीही निकाल डॉक्टरच्या बाजूने लागला. उपद्रवापाशी राहायला येणे हा उपद्रव करणाऱ्याचा बचाव होत नाही, हे तत्त्व भारतीय न्यायालयांनाही परिचित आहे.

तथापि न्यायाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जुन्या कारखान्याच्या कुंपणाला लागून पंधरा मजली इमारत उभी राहते तेव्हा नफा विकसकाला होतो आणि भांडण मात्र कामगार व रहिवासी यांच्यात लागते. इंग्लंडच्या नियोजन धोरणात २०१८ पासून असे तत्त्व आहे की अस्तित्वात असलेल्या उद्योगाजवळ जो नवे बांधकाम आणतो, त्यानेच रहिवाशांना आवाजापासून वाचवण्याची तजवीज करावी. आपल्या विकास आराखड्यांत आणि बांधकाम परवानग्यांत असे कलम यावे, ही मागणी रहिवाशांनी आणि उद्योजकांच्या संघटनांनी मिळून करण्यासारखी आहे.

औद्योगिक भागाजवळ घर घेत आहोत. ठरवण्यापूर्वी काय पाहावे?

घर रविवारी सकाळी दाखवले जाते. आपण कारखाने चालू असतील अशा दिवशी रात्री अकरानंतर पुन्हा जावे आणि पहाटे पाळी बदलण्याच्या वेळी आणखी एकदा. जी खोली झोपण्याची असेल तिच्यात दिवे आणि पंखा बंद करून, आधी खिडकी उघडी आणि मग मिटून, दहा मिनिटे बसावे. आपला मजला कुंपणाच्या भिंतीपेक्षा उंच आहे का आणि समोर कारखान्याची कोणती बाजू येते, पंख्यांची की कार्यालयाची, हे पाहावे. समोरचा भूखंड मोकळा असेल तर तो आराखड्यात कशासाठी राखला आहे ते विचारावे. आणि त्याच इमारतीत किंवा शेजारी आधीपासून राहणाऱ्या, दिवसभर घरी असणाऱ्या एखाद्या व्यक्तीशी बोलावे. विचारताना ‘आवाजाचा त्रास होतो का?’ असे न विचारता ‘रात्री काय काय ऐकू येते?’ असे विचारावे.